वॉशिंग्टनचा पैसा, गरिबांच्या शाळा आणि पालकांचा अधिकार

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. शाळा चालविणे हे राज्यांचे काम मानले जाते आणि राज्यांनी त्याचा बराचसा भार शालेय जिल्ह्यांवर, म्हणजे बहुधा निवडून आलेल्या शिक्षण मंडळामार्फत कारभार पाहणाऱ्या स्थानिक घटकांवर सोपविला आहे. असे सुमारे तेरा हजार जिल्हे त्या देशात असून घरे, जमिनी आणि व्यापारी मालमत्ता यांवरील कर हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. साहजिकच ज्या वस्तीत घरांच्या किमती चढ्या, तेथील शाळांना पैशाची ददात नसते. ज्या वस्तीत भाड्याच्या खोल्या आणि बंद पडलेले कारखाने, तेथील रहिवाशांनी जास्त दराने कर भरला तरी शाळेच्या हाती फारसे काही लागत नाही.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरातील दोन शालेय जिल्ह्यांचे १९६७-६८ सालचे आकडे सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते, त्यांतून ही विषमता नेमकी दिसते. बहुसंख्य मेक्सिकन-अमेरिकन वस्तीच्या एजवूड जिल्ह्यात मालमत्ता कराचा दर अधिक होता, तरीही स्थानिक करातून दर विद्यार्थ्यामागे अवघे २६ डॉलर जमले. सधन अलामो हाइट्स जिल्ह्यात मात्र कमी दराने ३३३ डॉलर जमले. राज्याच्या मदतीने ही दरी फारशी बुजली नाही, कारण एजवूडला राज्याकडून २२२ डॉलर मिळाले, तर अलामो हाइट्सला २२५. केंद्राकडून, म्हणजे अमेरिकेत ज्याला फेडरल सरकार म्हणतात त्याच्याकडून, मात्र एजवूडला १०८ आणि अलामो हाइट्सला ३६ डॉलर आले. सर्व स्रोतांची बेरीज केली तर ३५६ विरुद्ध ५९४ असे चित्र उरले. १९७३ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निकाल दिला की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि त्यामुळे ही करपद्धती घटनाबाह्य ठरत नाही. न्यायालयाचा दरवाजा असा बंद झाल्यावर गरीब वस्त्यांच्या शाळांसाठी राष्ट्रीय पातळीवर जे काही करायचे, ते फेडरल अनुदानाच्या वाटेनेच होणार, हे स्पष्ट झाले.

ती वाट आठ वर्षे आधीच आखली गेली होती. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही केली. तरुणपणी जॉन्सन यांनी टेक्सासमधील कोटुला या गावी गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांना शिकविले होते, आणि गरिबीविरुद्धच्या आपल्या मोहिमेचा पाया शाळेत घातला पाहिजे अशी त्यांची धारणा होती. या कायद्याच्या पहिल्या विभागाला ‘टायटल वन’ म्हणतात. गरीब मुलांची संख्या जास्त असलेल्या जिल्ह्यांना जादा निधी देणे हा त्याचा गाभा आहे. कायद्याची नावे पुढे बदलत गेली. २००२ मध्ये तो ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ झाला आणि डिसेंबर २०१५ पासून ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’ म्हणून ओळखला जातो. टायटल वन मात्र टिकून राहिले. अलीकडच्या वर्षांत त्यासाठी सुमारे १,८४० कोटी डॉलर मंजूर होतात. रक्कम प्रचंड वाटली, तरी अमेरिकेतील शालेय खर्चात फेडरल सरकारचा एकूण वाटाच साधारण एक दशांश असतो आणि टायटल वन हा त्या वाट्याचाही एक भाग आहे. म्हणूनच पैसा किती, यापेक्षा तो कोणत्या अटींवर दिला जातो, याला या योजनेत अधिक महत्त्व आले.

पैशाची वाटणी अर्ज किंवा शिफारशी पाहून होत नाही, ती सूत्रानुसार होते. जनगणना विभाग दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातील ५ ते १७ वयोगटातील गरीब मुलांचा अंदाज काढतो. ही संख्या आणि त्या राज्याचा दर विद्यार्थ्यामागील सरासरी खर्च यांच्या आधारे रक्कम ठरते. पायाभूत अनुदानासाठी जिल्ह्यात अशी किमान दहा मुले असावी लागतात आणि त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असावे लागते, त्यामुळे बहुतेक सर्व जिल्हे पात्र ठरतात. गरिबी एकवटलेल्या ठिकाणी अधिक भर पडावी म्हणून त्याच्या जोडीला आणखी तीन प्रकारची अनुदाने आहेत. या सूत्रावर दोन आक्षेप वारंवार घेतले जातात. राज्याचा स्वतःचा खर्च हिशेबात धरल्यामुळे मुळात सधन असलेल्या राज्यातील गरीब मुलामागे जास्त पैसे जातात. आणि गरीब मुलांच्या नुसत्या संख्येला वजन दिल्यामुळे गरिबीचे प्रमाण मध्यम असलेल्या मोठ्या जिल्ह्यांना, प्रमाण जास्त पण लोकसंख्या थोडी असलेल्या लहान जिल्ह्यांपेक्षा झुकते माप मिळते.

जिल्ह्यात पैसा पोहोचला की तो शाळांमध्ये वाटताना गरिबीच्या उतरत्या क्रमाने शाळांची यादी करावी लागते, आणि ७५ टक्क्यांहून अधिक मुले गरीब असलेल्या शाळांना आधी न्याय देणे बंधनकारक असते. शाळेच्या पातळीवरील गरिबी मोजण्यासाठी बहुतेक जिल्हे मोफत किंवा सवलतीच्या दराने जेवण मिळणाऱ्या मुलांची संख्या वापरतात. ज्या शाळेत किमान ४० टक्के मुले गरीब आहेत, ती हा पैसा संपूर्ण शाळेच्या सुधारणेसाठी वापरू शकते. त्याहून कमी प्रमाण असल्यास, राज्याने सूट दिली नसेल तर, अभ्यासात मागे पडलेल्या निवडक मुलांपुरतीच मदत द्यावी लागते. प्रत्यक्षात बरीचशी रक्कम वाचन आणि गणिताच्या जादा शिक्षकांच्या व मदतनिसांच्या पगारावर खर्च होते.

अटींचे जाळे इतके दाट का झाले, हे पहिल्या चार वर्षांच्या अनुभवावरून कळते. १९६९ मध्ये रुबी मार्टिन आणि फिलिस मॅक्क्लुअर यांनी तयार केलेल्या अहवालाने दाखवून दिले की अनेक जिल्ह्यांनी हा पैसा सर्वसाधारण खर्चात मिसळला होता, तर काही ठिकाणी गरीब मुलांशी संबंध नसलेल्या सामानावर आणि पोहण्याच्या तलावांवर उधळला होता. त्यानंतर १९७० मध्ये दोन तत्त्वे कायद्यातच लिहिली गेली. फेडरल पैसा हा राज्याच्या व स्थानिक पैशात भर घालणारा असावा, त्याची जागा घेणारा नसावा, हे पहिले. आणि टायटल वन शाळांना स्थानिक निधीतून मिळणाऱ्या सोयी जिल्ह्यातील इतर शाळांच्या तोडीच्या असाव्यात, हे दुसरे. वरून जादा मदत येते म्हणून खालून नेहमीचा वाटा काढून घेण्याची युक्ती थांबविणे हा या दोन्हींचा हेतू होता.

पैशावर लक्ष ठेवायचे, तर ते कोणी ठेवायचे, हा प्रश्न ओघाने आला आणि त्याचे उत्तर म्हणून पालक या योजनेत शिरले. १९७४ च्या दुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यात आणि टायटल वन शाळेत पालक सल्लागार परिषद असणे सक्तीचे केले. तिच्यात बहुमत या मुलांच्या पालकांचे असे आणि योजना आखताना व तपासताना तिचा सल्ला घ्यावा लागे. शिक्षणहक्क कायद्याने महाराष्ट्रातील शाळांत आणलेल्या आणि तीन चतुर्थांश सदस्य पालक असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीशी तिचे काहीसे साम्य दिसते. मात्र १९८१ मध्ये रेगन प्रशासनाच्या काळात नियम सैल करण्याच्या धोरणात परिषदांची सक्ती गेली आणि पालकांशी ‘विचारविनिमय’ करावा एवढेच बंधन उरले. १९८८ नंतर पालकांचा सहभाग पुन्हा कायद्यात ठळक झाला, पण त्याचे रूप बदललेले होते: आता पालक हा पैशाचा राखणदार कमी आणि मुलाच्या अभ्यासातील शाळेचा सहकारी अधिक मानला जाऊ लागला.

आजचा कायदा या दुसऱ्या कल्पनेवर उभा आहे. टायटल वन घेणाऱ्या प्रत्येक शाळेला पालकांच्या सहभागाचे लेखी धोरण पालकांसह ठरवावे लागते. वर्षातून एकदा सभा बोलावून ही योजना काय आहे आणि पालकांचे हक्क कोणते, हे सांगावे लागते. सभांच्या वेळा सकाळ-संध्याकाळ अशा लवचीक ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी प्रवासखर्च, मुले सांभाळण्याची सोय किंवा शिक्षकांच्या गृहभेटी यांवर निधी खर्च करता येतो. शक्य तेवढी माहिती पालकांना समजेल अशा भाषेत द्यावी लागते. मुलाला शिकविणाऱ्या शिक्षकाची पात्रता काय, हे विचारण्याचा हक्कही पालकांना आहे. शिवाय शाळा, पालक आणि विद्यार्थी यांच्या जबाबदाऱ्या नोंदविणारा एक करारनामा केला जातो. त्यात शाळेने दर्जेदार अध्यापनाची, तर पालकांनी घरी अभ्यासाला हातभार लावण्याची हमी द्यायची असते आणि प्राथमिक शाळेत वर्षातून किमान एकदा शिक्षक-पालक भेटीत त्यावर चर्चा व्हावी लागते.

या कामासाठी राखून ठेवलेला पैसा मात्र थोडा आहे. ज्या जिल्ह्याला टायटल वनचे पाच लाख डॉलरहून अधिक मिळतात, त्याने त्यातील किमान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी बाजूला काढावा आणि त्याचा किमान नव्वद टक्के भाग थेट शाळांना, गरीब शाळांना प्राधान्य देऊन द्यावा, अशी तरतूद आहे. समजा, एखाद्या जिल्ह्याला वीस लाख डॉलर मिळाले आणि तेथे अशा दहा शाळा असल्या, तर वीस हजार डॉलर राखले जातात, त्यांपैकी अठरा हजार शाळांकडे जातात आणि सरासरीने एका शाळेच्या वाट्याला वर्षाला अठराशे डॉलर येतात. एवढ्यात काही सभांचे दुभाषे, पत्रकांची छपाई आणि चार-दोन संध्याकाळचा फराळ भागतो. पालकांशी संपर्क ठेवणारा पूर्णवेळ कर्मचारी नेमायचा तर शाळेला मुख्य निधीलाच हात घालावा लागतो. या एक टक्क्याचा विनियोग कसा व्हावा हे ठरविण्यात पालकांना सहभागी करून घेण्याचे बंधन आहे, पण उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांवर त्यांचे मत कितपत चालते, हे त्या त्या मुख्याध्यापकाच्या वृत्तीवर अवलंबून राहते.

गरीब पालक शाळेत फिरकत नाहीत, म्हणजे त्यांना आस्था नाही, हा समज जुना आहे. दोन पाळ्यांत काम करणारी, इंग्रजी न येणारी किंवा स्वतःच्या शाळेतील अपमान न विसरलेली माणसे दुपारच्या सभेला येत नाहीत, यामागची कारणे वेगळी असतात. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे १९९८ मध्ये पालक आणि शिक्षकांनी सुरू केलेल्या गृहभेटींच्या उपक्रमाने याच समजाला बगल दिली. तेथे शिक्षक जोडीने, आधी वेळ ठरवून आणि ऐच्छिकपणे घरी जातात. पहिल्या भेटीत मुलाच्या तक्रारी न मांडता पालकांच्या आपल्या मुलाविषयीच्या आशा काय आहेत हे विचारतात, आणि या कामाचा मोबदला त्यांना मिळतो. ही पद्धत पुढे अनेक राज्यांत गेली. कॅरन मॅप यांच्यासारख्या अभ्यासकांचाही भर याच मुद्द्यावर आहे की केवळ पालकांना शिकवून भागत नाही, कुटुंबांशी कसे वागावे हे शिक्षकांनाही शिकावे लागते.

टायटल वनने गरीब आणि सधन मुलांमधील शैक्षणिक अंतर मिटविले, असे म्हणता येत नाही. १९९० च्या दशकातील ‘प्रॉस्पेक्ट्स’ या मोठ्या राष्ट्रीय अभ्यासातही या मदतीने अंतर कमी झाल्याचे आढळले नाही. परंतु जी रक्कम एवढ्या शाळांत पातळ पसरते, तिच्याकडून घर, आरोग्य आणि स्थानिक कर यांतील सर्व विषमतेची भरपाई मागणे हेही न्याय्य नाही. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फेडरल शिक्षण विभाग बंद करण्याच्या दिशेने पावले टाकण्याचा आदेश काढला, तेव्हा या निधीचे भवितव्य चर्चेत आले. विभाग रद्द करणे किंवा टायटल वन कायद्यातून काढणे हे अधिकार मात्र काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे आहेत. निधी कोणत्याही खात्यातून आला तरी सूत्राने तो शाळेपर्यंत पोहोचतो. पालकांचा अधिकार असा आपोआप पोहोचत नाही. वर्षारंभी करारनाम्यावर सही घेऊन पालकांना निरोप देणारी शाळा आणि अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी त्यांना आकडे समजावून सांगणारी शाळा, या दोन्ही आजच्या कायद्याच्या चौकटीत बसतात. १९७४ च्या परिषदांनी जे काम पालकांवर सोपविले होते ते परत द्यायचे असेल, तर दुसऱ्या प्रकारच्या शाळेची रीत कायद्याने सर्वांना बंधनकारक करावी लागेल.