पाहुणा धावतो, गाव उभं राहतं

परदेशात फिरायला गेलेल्या माणसाला तिथली संग्रहालयं, बाजार आणि पूल तिकीट काढून पाहता येतात. तिथली माणसं मात्र बहुधा काउंटरपलीकडेच भेटतात. याला एक स्वस्त अपवाद आहे. लंडनमधल्या टेडिंग्टनच्या बुशी पार्कात २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्यूइट यांनी १३ धावणाऱ्यांना घेऊन एक साप्ताहिक धाव सुरू केली. तीच आज ‘पार्करन’ या नावाने वीसहून अधिक देशांत दर शनिवारी सकाळी होते. अंतर पाच किलोमीटर, शुल्क शून्य. एकदा नाव नोंदवलं की मिळणारा बारकोड बुशी पार्कात चालतो तसाच सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट पार्कातही चालतो. त्यामुळे कामानिमित्त आठवडाभर परगावी आलेला माणूसही शनिवारी तिथल्या रहिवाशांच्या बरोबरीने रेषेवर उभा राहू शकतो. पण त्याला सामावून घेण्याचं श्रेय धावण्याला देणं चूक ठरेल. ते श्रेय न धावणाऱ्यांचं आहे.

ही धाव कशी चालते, हे बारकाईने पाहिलं की ते पटतं. सुरुवातीआधी एक स्वयंसेवक नवख्यांना बाजूला घेऊन वाट समजावतो. मग सगळ्यांसमोर सूचना होतात. बाहेरगावाहून कोण आलंय, हे विचारून त्यांच्यासाठी टाळ्या वाजतात. वळणावळणावर माणसं उभी असतात. शेवटच्या रेषेवर एकजण वेळ नोंदवतो, दुसरा क्रमांकाचं टोकन हातात देतो, तिसरा टोकन आणि बारकोड स्कॅन करतो. सगळ्यांच्या मागून एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणजे कितीही हळू चालणारा पाहुणा शेवटचा ठरत नाही. २०२४ च्या सुरुवातीला आयोजकांनी वेगाच्या विक्रमांच्या याद्याही काढून टाकल्या. इतक्या लोकांनी आपली सकाळ दिलेली असते, म्हणून पाहुण्याला यजमान मिळतो. मुंबई मॅरेथॉनलाही बाहेरचे हजारो येतात, पण ते शुल्क भरून, वर्षातून एकदाच येतात. तिथे ते सहभागी असतात, पाहुणे नसतात.

तासाभराच्या या ओळखीला आपुलकी कशाला म्हणायचं, असा आक्षेप घेता येईल. पण आपुलकी किती टिकते, यापेक्षा ती कोणत्या व्यवस्थेवर उभी आहे ते पाहावं. पालखीच्या वाटेवरची गावं अनोळखी वारकऱ्यांना दरवर्षी जेवू घालतात, कारण मुक्कामाची तिथी आधीपासून ठरलेली असते आणि गाव तयारीत असतं. ठरलेली वेळ यजमानाला यजमान होऊ देते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाहुणे फुकट धावतात, पण वाटेची डागडुजी कोण करतं? इंग्लंडमधल्या स्टोक गिफर्डच्या पॅरिश कौन्सिलने २०१६ मध्ये हाच प्रश्न विचारून लिटल स्टोक पार्कातल्या धावेवर शुल्क लावायचं ठरवलं आणि तिथली धाव बंद पडली. कौन्सिलचा उपाय पटो न पटो, प्रश्न खरा होता.

हा प्रश्न रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत आणून ठेवला, तर तो आणखी टोकदार होतो. इथून १९९६ पासून रोपवे चालतो. पर्यटक खाली गाडी लावतो, काही मिनिटांत गडावर पोहोचतो, हिरकणीची गोष्ट ऐकतो, बुरुजावर फोटो काढतो आणि तिचं नाव मिरवणाऱ्या वाडीत न थांबता परततो. थांबलाच तर गिऱ्हाईक म्हणून, ताक किंवा पिठलं-भाकरीपुरता. आठवड्यातून एकदा, रोपवे सुरू होण्याआधी, वाडीने आखलेल्या वाटेवर अशी धाव झाली आणि घड्याळ वाडीतल्या पोरांच्या हातात असलं, तर हे नातं तासभर तरी उलटेल: वेळ गाव ठरवील, पाहुणा ती पाळील.

दिवसभर गड चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना धावण्याची हौस कशाला, असं कुणी म्हणेल. बरोबरच आहे, त्यांनी धावायलाच हवं असं नाही. इथे चालणाऱ्यालाही जागा असते, आणि वाट दाखवायला, टोकन द्यायला धावावं लागत नाही. पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या डोंगरात दरडी कोसळतात, रस्ते निसरडे होतात. ते महिने सोडूनच द्यावेत. गडाच्या पायऱ्याही टाळाव्यात. त्या आधीच गर्दीच्या आहेत. राहिला खर्च. धाव फुकट ठेवायची असेल, तर पाणी, शौचालय आणि कचरा यांचा भार पर्यटनातून येणाऱ्या पैशाने उचलायला हवा, वाडीच्या माथी मारून चालणार नाही. शिवाय पुण्या-मुंबईच्या आयोजकांनी येऊन बॅनर लावले, तर तो आणखी एक इव्हेंट होईल. वळणावर उभं राहायला वाडीतली चार माणसं आपणहून तयार होत नसतील, तर ही धाव तिथे सुरूच करू नये.