सहनर्तनातील कर्ता : मार्गो फाँटेनच्या आत्मचरित्राच्या निमित्ताने

नृत्य ही शब्दावाचून बोलणारी कला आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि नर्तक आपल्या कलेविषयी बोलू लागला की त्यालाही सर्वांच्याच भाषेचा आश्रय करावा लागतो. आणि वाक्य म्हटले की त्याबरोबर कर्ता आलाच. दोघांनी मिळून केलेल्या कृतीचा कर्ता कोणास म्हणावे, हा प्रश्न मग वैयाकरणाइतकाच नर्तकालाही अडवू लागतो. इंग्लंडची ख्यातनाम बॅले-नर्तिका मार्गो फाँटेन (१९१९–१९९१) हिने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रातील काही भागांचा या दृष्टीने विचार करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम 'बॅले' या शब्दाविषयी थोडेसे. १९५२ साली शांती बर्धन यांनी मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' ही संस्था स्थापन केली, तेव्हा त्या नावातील 'बॅले' म्हणजे कथा सांगणारे समूहनृत्य, आपण ज्याला नृत्यनाट्य म्हणतो ते. येथे अभिप्रेत आहे तो युरोपातील अभिजात बॅले. ज्याची परिभाषा फ्रेंच आहे, ज्यात नर्तिका पायाच्या बोटांच्या अग्रावर उभी राहते, आणि ज्याच्या केंद्रस्थानी 'पा द द' म्हणजे स्त्री-पुरुषांचे युगुलनृत्य असते. युगुलातील पुरुषाला इंग्रजीत 'पार्टनर' म्हणतात. हा शब्द मूळचा वाटेकऱ्याचा, वारसाहक्काच्या व्यवहारातला. मराठीत 'भागीदार' म्हणावे तर दुकान डोळ्यांसमोर येते, आणि 'साथीदार' म्हणावे तर अलीकडे पोलिसांच्या पंचनाम्याची आठवण होते! 'जोडीदार' हाच त्यातल्या त्यात निर्मळ शब्द म्हणावयाचा.

आता या जोडीत प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. प्रेक्षकाला दिसते ते असे की, पुरुष नर्तिकेला उचलतो व ती उचलली जाते. वस्तुस्थिती याहून निराळी आहे. उचलण्याच्या क्षणापूर्वी नर्तिका गुडघे वाकवून स्वतः उसळी घेते. त्या उसळीचा आणि पुरुषाच्या जोराचा क्षण एक व्हावा लागतो. वर गेल्यावर तिने धड ताठ धरले नाही तर तेच शरीर दुप्पट जड वाटू लागते. एका पायाच्या अग्रावर ती तोल सांभाळून असते तेव्हा तिचा हात धरणाऱ्याने तोल ढळण्यापूर्वीच सावरू पाहिले, तर त्या मदतीनेच तोल जातो. 'स्लीपिंग ब्यूटी'मधील प्रसिद्ध प्रसंगात चार राजपुत्र क्रमाने नायिकेचा हात धरतात आणि सोडतात. तेथे खरी कसोटी धरण्याची नसून सोडण्याची असते. १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये याच बॅलेने फाँटेनला जागतिक कीर्ती मिळवून दिली.

या क्रियेचे वर्णन इंग्रजीत करताना शब्दक्रमामुळेच पुरुष कर्ता व स्त्री कर्म ठरून जाते. मराठीत आपण 'त्याने तिला उचलले' असे म्हणतो. येथे क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालत नाही आणि कर्माच्याही नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनी राहते. हा आपला भावे प्रयोग. व्याकरणाच्या एखाद्या प्रयोगावरून नृत्याविषयी काही सिद्ध होते असे मुळीच सुचवावयाचे नाही; 'त्याने पोत्याला उचलले' हाही भावे प्रयोगच होय. पण दोहोंपैकी कोणाच्याही अधीन नसलेल्या क्रियापदाची कल्पना ज्याला परिचित आहे, त्याला फाँटेनची अडचण लवकर कळेल एवढे खरे.

ही अडचण तिच्या आयुष्यात उशिरा उभी राहिली. १९३४ साली तिने रंगभूमीवर पदार्पण केले होते; रॉबर्ट हेल्पमन व नंतर मायकेल सोम्स हे तिचे प्रमुख जोडीदार. १९६१ च्या जूनमध्ये रुडॉल्फ नुरेयेव या तरुण रशियन नर्तकाने पॅरिसच्या विमानतळावर आश्रय मागितला, तेव्हा फाँटेन बेचाळीस वर्षांची होती आणि तिच्या निवृत्तीची अपेक्षा स्वाभाविक मानली जात होती. निनेट द व्हॅल्वा हिने त्याच्यासह 'जिझेल' करण्याविषयी विचारले असता, त्याच्याशेजारी आपण वयस्क दिसू ही शंका तिने प्रथम बोलून दाखविली. पुढे पतीशी विचारविनिमय झाला, आणि या नव्या लाटेबरोबर जावे अथवा बाजूला व्हावे, असा व्यवहारी निष्कर्ष निघाला. २१ फेब्रुवारी १९६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन येथे तो प्रयोग झाला. तो तेवीस वर्षांचा होता.

या जोडीविषयी जी आख्यायिका रूढ झाली ती देणे-घेण्याच्या भाषेत आहे : त्याने तिला दुसरे तारुण्य दिले, तिने त्याला प्रतिष्ठा दिली. फाँटेनचे स्वतःचे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते, कारण ते तालमीतले आहे. ज्याला लोक रानटी, उत्स्फूर्त समजत होते तो तरुण तंत्राच्या शुद्धतेसाठी जिवाचा आटापिटा करीत होता; आणि जिला थंड प्रकृतीची इंग्रज नर्तिका म्हणून ओळखले जाई, तिचे लक्ष मात्र भूमिकेतील भावाकडे अधिक होते. हा विरोधाभास तिने आवर्जून नोंदविला आहे. त्याचे कारण शोधणे फारसे कठीण नाही. नुरेयेव लेनिनग्राडच्या बॅले-विद्यालयात १९५५ साली, सतराव्या वर्षी, म्हणजे या कलेच्या मानाने फार उशिरा दाखल झाला होता. हुकलेली वर्षे भरून काढण्याची ती धडपड असावी. त्याचा सराव पाहता पाहता तिने स्वतःचे तंत्र नव्याने घासून घेतले. येथे शिकविणारा कोण व शिकणारा कोण, हे वाक्यात मांडणे अवघडच.

प्रयोगाविषयी तिचे आणखी एक सांगणे लक्षणीय आहे. रंगमंचावर त्याच्याकडे पाहताना आपल्याला रोजच्या ओळखीचा माणूस न दिसता त्या बॅलेतील पात्रच दिसे, असे ती म्हणते. आपल्या काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना येथे साधारणीकरणाची आठवण होईल. परंतु तेथे चर्चा मुख्यतः प्रेक्षकाच्या अनुभवाची असते. सहनर्तकच दुसऱ्याचा पहिला प्रेक्षक ठरतो, ही शक्यता आपल्या चर्चेत पुरेशी विचारात घेतली गेलेली नाही असे वाटते.

कारकिर्दीच्या उत्तरार्धाला एक कठोर बाजूही होती. १९६४ साली पनामामध्ये तिचा पती रोबेर्तो आरियास याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व तो कायमचा पंगू झाला. त्याच्या शुश्रूषेचा खर्च हेही ती साठीपर्यंत नाचत राहण्याचे एक कारण होते. केवळ कलानिष्ठेचा गौरव करणाऱ्या लेखकांनी हे विसरू नये.

फ्रेडरिक अ‍ॅश्टन याने १९६३ मध्ये लिस्टच्या ब मायनर सोनाटावर 'मार्गरीट अँड आर्मां' हा बॅले या दोघांसाठीच रचला. दीर्घकाळ तो अन्य कोणी करू नये असाच संकेत होता. जणू दोनच भाषकांची ती बोली होती. २००० साली रॉयल बॅलेने तो पुन्हा रंगभूमीवर आणला, तेव्हा मार्गरीटची भूमिका सिल्वी गिलेम हिने केली.