जुन्या ट्रकच्या एसीतील गॅसगळतीचा शोध

जुन्या ट्रकच्या केबिनमधील थंडावा कमी झाला की गॅस ‘संपला’ असे समजून तो पुन्हा भरला जातो. वस्तुतः हा गॅस डिझेलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो वर्षागणिक भरावा लागत असेल, तर गळती आहे असेच समजावे.

शोध प्रथम डोळ्यांनी घ्यावा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडून त्यावर धूळ बसते. नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरचे पुढील सील, रस्त्यावरील खडे झेलणारा कंडेन्सर आणि गॅस भरण्याचे व्हॉल्व्ह (ज्यांची टोपणे बहुधा हरवलेलीच असतात) बारकाईने पाहावेत. साबणाच्या फेसाने मोठी गळती उघड होते. सूक्ष्म गळतीसाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर हवा. आर-१३४ए गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो सांध्याच्या खालच्या बाजूने सावकाश फिरवावा. प्रणाली पूर्ण रिकामी असल्यास कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहावे. ऑक्सिजन मात्र कदापि वापरू नये; दाबाखाली तेलाशी संबंध येताच स्फोट होऊ शकतो.

गळती तशीच ठेवून गॅस भरत राहिल्यास तेल घटून कॉम्प्रेसर जाम होतो, आणि एका रबरी कड्याच्या दुरुस्तीऐवजी चालकमालकाला नवा कॉम्प्रेसर घ्यावा लागतो.