खाऱ्या पाण्यासाठी विंच कसा निवडावा?
२०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईची वाहने आमच्या किनाऱ्यावर सहज येऊ लागली. ओल्या पुळणीत वाहन रुतले की भरती थांबत नाही. तेथे विंच उपयोगी पडतो. त्याची ओढशक्ती भरलेल्या वाहनाच्या वजनाच्या दीडपट असावी. अडीच टनांस पावणेचार टन. 'आयपी ६७' हा शिक्का एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची हमी देतो. परंतु ती चाचणी गोड्या पाण्यातील असते. क्षाराने पोलादी तार गंजते, तुटल्यास चाबकासारखी उसळून जीवावर बेतते. म्हणून कृत्रिम धाग्याचा दोर घ्यावा, वापरानंतर विंच गोड्या पाण्याने धुवावा. शिक्क्यावर विसंबण्यापूर्वी त्याची मर्यादा तपासावी, असे आम्ही विद्यार्थ्यांनाही सांगतो.