‘तुंबाड’मधील आजी आली कुठून? नारायण धारप कसे वाचावेत?

चाकणमधली रात्रपाळी सुटली, की निगडी-भोसरीकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये निम्मे जण झोपलेले असतात आणि निम्मे मोबाइलवर. त्यातल्या अनेकांनी ‘तुंबाड’ पाहिला असेल. पण साखळदंडाने बांधलेल्या त्या भयंकर आजीमागे एक मराठी लेखक आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

कोण होते धारप?
नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभरहून अधिक पुस्तके लिहिली. त्यात बहुतांश भयकथा आणि काही विज्ञानकथा आहेत. गल्लीबोळातल्या वाचनालयांतून ती हातोहात फिरली. समीक्षेत मात्र भयकथेला कायम मागच्या बाकावर बसवले गेले. त्यामुळे मराठीबाहेर त्यांचे नाव फारसे पोहोचलेच नाही.

‘तुंबाड’शी संबंध काय?
राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित होऊन जोरात चालला. चित्रपटातल्या आजीचे मूळ धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे. चित्रपटाचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेले आहे.

मग वाद कशाचा?
‘आजी’ची कल्पना अमेरिकी लेखक स्टीफन किंग यांच्या १९८४ च्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून आली आहे. ‘लुचाई’ ही कादंबरी किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५), तर ‘शपथ’ ही ‘इट’वर (१९८६) बेतलेली आहे. त्यामुळे धारपांना थेट ‘नक्कल करणारे’ म्हणून निकालात काढणारेही आहेत.

हा शिक्का योग्य आहे का?
अर्धाच. कथानक उसने आहे, हे मान्य करायलाच हवे आणि मूळ लेखकाचे श्रेयही त्याला द्यायला हवे. पण भीती जशीच्या तशी उचलून आणता येत नाही. धारपांच्या कथांत ती वाड्याच्या माजघरात, बंद खोलीत, वारसाने मिळालेल्या घरात येते. तिला सामोरा जातो तो नोकरी-संसार करणारा साधा माणूस. गावच्या घराला कुलूप लावून पिंपरी-चिंचवडला आलेल्या वाचकाला ते घर ओळखीचे वाटते. वर्षातून एकदा कुलूप उघडताना येणारा तो कोंदट वास त्याच्याही परिचयाचा असतो.

कमी कुठे पडतात?
‘समर्थ’ हे त्यांचे लोकप्रिय पात्र संकटात सापडलेल्यांना अमानवी शक्तींपासून सोडवते. वाचकाला त्याचा आधार वाटतो, पण समर्थ आले की शेवट काय होणार हे कळते आणि धाकधूक ओसरते. एवढ्या पुस्तकांत काही प्रसंग आणि वर्णने पुन्हा पुन्हा येणेही ओघाने आलेच.

सुरुवात कुठून करावी?
आधी समर्थांच्या एक-दोन कथा वाचा. धारपांची हातोटी तिथे चटकन समजते. मग ‘लुचाई’ घ्या आणि जमल्यास ‘सेलम्स लॉट’शी ताडून पाहा. काय उसने आणि काय स्वतःचे, हे इतरांच्या मतावर न विसंबता ठरवता येईल. साकेत प्रकाशनाने त्यांची अनेक पुस्तके नव्याने छापली असल्याने ती मिळवणे अवघड नाही.

एक मात्र खरे. मूळ कल्पना कुणाची हे कळल्यावरही रात्री माजघरातला दिवा मालवताना हात थबकत असेल, तर त्या भीतीचे श्रेय धारपांचेच.