कोलेस्टेरॉलवरील वनस्पतीजन्य कॅप्सूल : माल पारखूनच घ्या

आपल्या व्यापारी बांधवांचा दिवस गादीवर बसून जातो. कारागीर भावांचा मागावर किंवा मशीनवर. वेळी-अवेळी जेवण, उधारीची चिंता आणि वर चहावर चहा. चाळिशी ओलांडली की रक्ताच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघते. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि दुसऱ्याच दिवशी कोणी हितचिंतक सांगतो, "भाई, ही गोळी जन्मभराची बला आहे. त्यापेक्षा जडीबुटीची कॅप्सूल घ्या, नुकसान काहीच नाही."

मी स्वतः हे ऐकून फसलो. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवलेला असताना चार महिने डॉक्टरांची गोळी बंद ठेवली आणि एका विक्रेत्याकडून घेतलेल्या महागड्या बाटल्या संपवल्या. पुन्हा तपासणी केली तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ११८ वरून १७१ वर गेले होते. कापडाचा ताका आपण हाताने चोळून, उजेडात धरून घेतो. तोंडात टाकायचा माल मात्र मी नुसत्या बोलण्यावर घेतला. तेव्हापासून या मालाची जी माहिती गोळा केली, ती येथे देत आहे.

इसबगोल : खरा उतरलेला माल

इसबगोल हे नाव फारसीतले. अस्प म्हणजे घोडा आणि गोल म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून हे नाव. गुजरात आणि राजस्थानात हे रब्बीचे पीक होते आणि मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही त्याची मोठी मंडी आहे. तेथून भुसी परदेशी, विशेषतः अमेरिकेत जाते. कापणीच्या वेळी पाऊस झाला की बी गळते आणि भाव चढतो.

भुसी पोटात पाणी शोषून चिकट होते आणि पित्तातील आम्ले आपल्यासोबत बाहेर नेते. नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल लागते. ते यकृत रक्तातून ओढून घेते आणि एलडीएल उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली हृदयरोगाचा धोका कमी होण्याविषयीचा मजकूर इसबगोलच्या वेष्टनावर छापण्यास परवानगी दिली. त्यासाठी दिवसाला ७ ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात जायला हवेत, म्हणजे साधारण १० ग्रॅम भुसी. त्याने एलडीएल शेकडा ५ ते १० उतरते. घट लहान असली तरी खरी आहे.

भुसी भरपूर पाण्यासोबतच घ्यावी, नाही तर घशात अडकते. इतर औषधे आणि भुसी यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहाची औषधे चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारावे.

गुग्गुळ, लसूण आणि लाल तांदूळ

गुग्गुळाला आपले हकीम मुकिल म्हणतात. कच्छ आणि राजस्थानातील झुडपाचा हा डिंक. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यापासून कोलेस्टेरॉलवरचे औषध तयार केले होते आणि आपल्याकडील सुरुवातीचे निकाल चांगले आले. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, त्यात एलडीएल उतरण्याऐवजी थोडे वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. शिवाय जास्त डिंकाच्या लोभाने खोल चिरा दिल्यामुळे झाडे मरतात आणि ही जात आता नष्ट होण्याच्या वाटेवर आहे.

लसणाची परीक्षा २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. सहा महिने कच्चा लसूण आणि लसणाच्या गोळ्या देऊनही एलडीएलमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सालनात लसूण जरूर घाला. पण रक्त पातळ करण्याच्या औषधावर असाल तर लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

चीनमधील लाल बुरशीचा तांदूळ मात्र गुणकारी आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्यात जे द्रव्य असते तेच लोव्हास्टॅटिन, म्हणजे १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली स्टॅटिन गोळी. म्हणजे ज्या गोळीला घाबरून आपण पळालो, तीच येथे दुसऱ्या नावाने मिळते. फरक इतकाच की गोळीत माप ठरलेले असते, बाटलीत नसते. दोन्ही एकत्र घेतल्यास स्नायू आणि यकृताला अपाय होऊ शकतो.

दुकानदारांनी लक्षात ठेवावे

आपल्यापैकी काही जण हा माल ठेवतात किंवा त्याची एजन्सी घेतात. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्यानुसार हृदयरोग बरा करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असावा लागतो आणि ती औषधी वापरासाठी नाही, असेही छापावे लागते. तेव्हा जी गोष्ट खुद्द बाटली म्हणत नाही, ती आपण गिऱ्हाइकाला सांगू नये. कॅप्सूलच्या कवचाचीही चौकशी करावी. आतला माल वनस्पतीचा असला तरी कवच जनावराच्या जिलेटिनचे असू शकते. वेष्टनावरील हिरवी खूण पाहावी.

हिशेब

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ४४४४ हृदयरोग्यांना सुमारे साडेपाच वर्षे तपासले गेले. स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू शेकडा ३० ने कमी झाले. वर सांगितलेल्या इसबगोल, गुग्गुळ किंवा लसणाच्या खात्यात अशी नोंद नाही.

म्हणून ज्यांचे कोलेस्टेरॉल थोडे वाढले आहे त्यांनी चालणे, तेल-तुपाचे परहेज, तंबाखूला सुट्टी आणि इसबगोल यांपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरुवात करावी. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसला आहे, त्यांनी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. गोळीने पाय दुखत असतील तर डॉक्टर माप कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. मी आता गोळीही घेतो आणि रात्री इसबगोलही. दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो. मालाचा कस तपासणीच्या कागदावर दिसतो, विक्रेत्याच्या बोलण्यात नाही.