लेसर उपचारांनंतर त्वचेवर आम्लांचा वापर

चेहऱ्यावरील डाग, व्रण किंवा नको असलेले केस यांवर लेसर उपचार घेतल्यानंतर मृत पेशी काढणारी आम्ले पुन्हा केव्हा व कशी लावावीत, हा त्वचेच्या निगेतील महत्त्वाचा प्रश्न आहे. त्वचा पूर्ण भरून येण्यापूर्वी ही आम्ले लावल्यास दाह होतो आणि ज्या डागांसाठी उपचार घेतले, तसेच नवे डाग उमटण्याचा संभव असतो.

आम्लांचे प्रकार

अल्फा हायड्रॉक्सी गटात ग्लायकॉलिक, लॅक्टिक व मँडेलिक आम्लांचा समावेश होतो. ग्लायकॉलिक आम्ल उसात, तर लॅक्टिक आम्ल दह्यात आढळते. सॅलिसिलिक आम्ल बीटा हायड्रॉक्सी गटातील मानले जाते. ते तेलात विरघळत असल्याने रंध्रांत शिरते व मुरुमांवर उपयोगी पडते. ही आम्ले मृत पेशींना जोडून ठेवणारे बंध शिथिल करतात. आम्लाचे प्रमाण जितके अधिक आणि सामू जितका कमी, तितका परिणाम तीव्र होतो.

लेसरचा त्वचेवरील परिणाम

केस काढण्याच्या लेसरचा प्रकाश केसांतील मेलॅनिन शोषून घेते. त्यात बाह्यत्वचा सहसा अखंड राहते. कार्बन डायऑक्साइड व अर्बियम लेसर मात्र पेशींतील पाणी तापवून बाह्यत्वचा काढून टाकतात. ही एक नियंत्रित जखमच असते. अशा त्वचेत आम्ल नेहमीपेक्षा खोलवर शिरते.

प्रतीक्षेचा काळ

केस काढल्यानंतर सामान्यतः सुमारे एक आठवडा आम्ले टाळतात. बाह्यत्वचा काढणाऱ्या लेसरनंतर नवी बाह्यत्वचा तयार होण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. तिचे संरक्षक कार्य पूर्ववत होण्यास त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून अशा वेळी किमान चार आठवडे थांबणे व त्वचारोगतज्ज्ञाच्या संमतीनेच वापर सुरू करणे योग्य ठरते. दिवसांच्या संख्येपेक्षा त्वचेची अवस्था महत्त्वाची आहे. लाली, खपली वा जळजळ असेपर्यंत आम्ल लावू नये.

काळसर डागांचा धोका

त्वचेचा दाह झाल्यास मेलॅनिनची निर्मिती वाढून काळसर डाग पडतात. गव्हाळ व सावळ्या त्वचेत हे डाग अधिक प्रमाणात पडतात व अनेक महिने टिकू शकतात. त्यामुळे भारतीय त्वचेबाबत घाई विशेष हानिकारक ठरते.

वापराची पद्धत

प्रारंभी कमी प्रमाणाचे एकच आम्ल आठवड्यातून एकदा, रात्री लावावे व त्यावर मॉइश्चरायझर लावावे. त्रास न झाल्यास वापर हळूहळू वाढवावा. त्याच रात्री रेटिनॉल किंवा स्क्रब वापरू नये. अल्फा हायड्रॉक्सी आम्लांमुळे त्वचेची उन्हाबाबतची संवेदनशीलता वाढते व वापर थांबवल्यानंतरही सुमारे आठवडाभर टिकू शकते. म्हणून दिवसा किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. फेसवॉश व टोनरमध्येही ही आम्ले असू शकतात, त्यामुळे वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. लिंबाचा रस किंवा दही चेहऱ्यास लावणे हाही आम्लाचाच वापर असून, त्यातील आम्लाचे प्रमाण निश्चित नसते.

फोड, पू किंवा वाढती वेदना आढळल्यास वापर तत्काळ थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक आहे.